सही देऊन नेलेले नऊ जण

यवतमाळ
२५ नोव्हेंबर २००५

श्री. घनश्याम शिरफुले यांस,
नमस्कार.

मी डॉ. सुमेधा पांढरीपांडे. तुमच्या पत्नी बेबीताई आमच्या दवाखान्यात आयसीयूमध्ये पाच दिवस होत्या, तेव्हा रोज सकाळी त्यांच्या पायाची जखम बघायला येणारी चष्मेवाली डॉक्टर ती मीच. ९ नोव्हेंबरला तुम्ही त्यांना स्वतःच्या जबाबदारीवर घरी घेऊन गेलात. त्यानंतर त्यांची प्रकृती कशी आहे, एवढंच विचारायला हे पत्र लिहिते आहे.

कारण सांगते. एका जागचा जंतुसंसर्ग अंगभर पसरतो आणि किडनी, फुप्फुसं बंद पडायला लागतात, त्याला आम्ही सेप्सिस म्हणतो. तो आमच्या आयसीयूतल्या किती रुग्णांना होतो आणि अठ्ठावीस दिवसांनी त्यांतले किती हयात असतात, याची मी नोंद ठेवते आहे. ज्यांना नातेवाईक सही देऊन घेऊन गेले, त्यांच्या नावापुढची जागा माझ्या वहीत कोरी आहे. असे नऊ जण आहेत. नऊही घरी मी पत्र टाकलं आहे.

सोबत माझा पत्ता घातलेलं कोरं कार्ड आहे. दोन ओळी लिहून पेटीत टाका.

आपली,
डॉ. सुमेधा पांढरीपांडे


ढाणकी
१ डिसेंबर २००५

मा. डॉक्टर मॅडम यांना सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. पेशंट बरी आहे. घरी आणल्यापासून आराम आहे. जेवण करते. काळजी नसावी.

मी कागदावर सही करून दिली होती. सही करण्याआधी तो मला वाचून दाखवला होता. आमची कोणतीही तक्रार नाही व दवाखान्याचीही नसावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
घनश्याम शिरफुले


यवतमाळ
५ डिसेंबर २००५

घनश्यामभाऊ,

तुमचं कार्ड मी वॉर्डात उभ्या उभ्या सगळ्या सिस्टरना वाचून दाखवलं. नऊ पत्रांपैकी हे तिसरं उत्तर. पहिल्या दोन घरांतून तेरवीच्या तारखा आल्या होत्या.

तुम्ही घाबरला आहात असं वाटलं. ही चौकशी नाही. पोलिसांचा, कोर्टाचा संबंध नाही. कापसाच्या या वाईट दिवसांत बाहेरून पत्रकार येतात आणि विष घेतलेले किती आले ते आम्हाला विचारतात. विचारायलाच हवं. पण तापानं, सेप्सिसनं किती गेले हे अजून कोणी विचारलं नाही, म्हणून मी मोजायला बसले. सप्टेंबरपासून नोव्हेंबरअखेर एकशे अठरा रुग्ण आले. त्यांतल्या तेहेतिसांना हा आजार होता. चौघांत एकाहून जास्त. दहा-बाराच्या वर आकडा जाईल असं मला स्वतःलाही वाटलं नव्हतं.

आता थोडं सविस्तर लिहा. ताप येतो का? जखम भरली का? लघवी नीट होते का? बोलणं-चालणं पहिल्यासारखं आहे का? जसं असेल तसं लिहा, मला बरं वाटावं म्हणून लिहू नका.

सुमेधा पांढरीपांडे


ढाणकी
१० डिसेंबर २००५

मॅडम, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पोलिसाचं काही नाही म्हणता, म्हणून आता खरं लिहितो. पहिलं कार्ड मी भेऊन लिहिलतं.

बेबीच्या पायात वावरातल्या कापसाच्या पऱ्हाटीचं खुट घुसलं, तिथून सारं सुरू झालं, ते तुमाले माहीत आहे. पाचव्या दिवशी मोठ्या डॉक्टरनं मले बाहेर बोलावलं. म्हणे, पन्नास टक्के. मी म्हटलं, म्हणजे कसं? ते म्हणे, अशा दोन पेशंटमधला एक वाचते. मी काचेतून पाह्यलं तर दोन खाटा लागून लागून. एकीवर बेबी, एकीवर बंजाऱ्याइच्या तांड्यातला धावजी आडे. अन् त्याच दुपारी धावजीले त्याची बायको घरी घेऊन गेली. माह्या डोक्यात बसलं, दोघांतला वाचणारा तो निघाला. मंग हिचं काय राह्यलं? तेवढ्यात बेबीच म्हणाली, मले घरी ने. मी सही करून देली. मेली तर आपल्या घरात मरन, असं म्हटलं.

इथं गावच्या डॉक्टरनं इंजेक्शनं देली. आठ दिवसांत उठून बसली, भाकर खाल्ली. माही माय म्हणे, आणली म्हणून वाचली.

आता तुमचे प्रश्न. मंधात संध्याकाळचा ताप येऊन राह्यला होता, मांडी टणक झाली होती. पण कालपासून ताप नाही. अंग थंडगार आहे, हात तर बरफावानी. म्हणजे उतरला. झोपूनच असते, थकवा असन. सकाळी आमच्या पोरीले, खुशीले म्हणे, तू कोणाची वं? आम्ही हासलो. लघवीचं मायले विचारलं, कालपासून एकदाच गेली. पाणीच कमी पेते म्हणून असन.

वेचणी चालू आहे, मी दिवसभर वावरात असतो. बाकी काही विशेष नाही.

घनश्याम


यवतमाळ
१३ डिसेंबर २००५, दुपार

घनश्यामभाऊ,

हे पत्र ढाणकीच्या बसच्या कंडक्टरजवळ देते आहे. वाचून झालं की दुसरं काही करू नका, बेबीताईंना उचला आणि दवाखान्यात न्या.

ताप उतरलेला नाही. अंग थंड पडणं, पोटच्या पोरीला न ओळखणं, लघवी न होणं, ही सगळी त्याच आजाराची लक्षणं आहेत. मांडीत आत पू साठला असणार. तो काढल्याशिवाय त्या बऱ्या होणार नाहीत. गावातल्या इंजेक्शनांनी आता भागणार नाही.

तुम्ही दहा तारखेला लिहिलंत, माझ्या हातात आज पडलं. तीन दिवस गेले. ढाणकीच्या एसटीडी बूथवर चारदा फोन केला, लागत नाही. आरोग्य केंद्राचा लागला. शिपायानं उचलला, निरोप देतो म्हणाला. देईल की नाही, माहीत नाही.

यवतमाळ लांब पडेल, नांदेडला न्या. बेबीताईंच्या केसपेपरची नक्कल सोबत आहे, ती तिथल्या डॉक्टरांच्या हातात द्या. शेजाऱ्यांशी, नातेवाईकांशी सल्लामसलत करत बसू नका.

तुमचं पहिलं कार्ड आल्यावर मी त्यांच्या नावापुढे ‘हयात’ लिहून टाकलं होतं. अठ्ठावीस दिवस भरायच्या आत, नुसत्या ‘बरी आहे’वर. चुकलं माझं.

सुमेधा


यवतमाळ
२० डिसेंबर २००५

घनश्यामभाऊ,

सात दिवस झाले, तुमचं काहीच कळलं नाही.

तो कंडक्टर आज भेटला. तुमच्या स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर चिठ्ठी दिली म्हणतो. टपरीवाल्याचं नाव त्याला माहीत नाही. आरोग्य केंद्राला पुन्हा फोन केला. तिथून सांगतात की जीप गेली होती, पण घराला कुलूप होतं. घराला कुलूप का आहे? ऐन वेचणीत, आजारी माणूस असलेल्या घराला?

मी तर्क करत बसते आणि एकही तर्क पुरता करवत नाही. जे झालं असेल ते कळवा. वहीसाठी विचारत नाही.

सुमेधा


नांदेड
२२ डिसेंबर २००५

मॅडम,

हे पत्र दवाखान्याच्या पायरीवर बसून लिहून राह्यलो. तुमची चिठ्ठी चौदा तारखेले सकाळी मिळाली. टपरीवाला स्वतः सायकलनं वावरात आलता. गावात मेटॅडोर कापूस भरून उभा होता. ड्रायव्हरनं अर्धा कापूस रस्त्यावरच उतरवला, उरलेल्यावर बेबीले टाकलं, मायनं तिचं डोकं मांडीवर घेतलं अन् निंघालो. खुशी मामाकडे आहे. घराले कुलूप आहे.

मांडी चिरून तांब्याभर पू काढला. तुम्ही म्हटलं तसंच निंघालं. पण डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली. श्वासाचं मशीन लावलं आहे. किडनी बंद आहे म्हणून मशीननं रक्त साफ करून राह्यले. आठ दिवस झाले, डोळे उघडले नाही.

आज इथल्या डॉक्टरनं मले बाहेर बोलावलं. मी हात जोडून म्हटलं, साहेब, टक्के सांगू नका. ते थांबले, आत निंघून गेले. आता वाटते काहून सांगू देलं नाही? तेच डोक्यात फिरून राह्यलं. म्हणून तुमाले विचारतो. तुमच्या वहीत सारं आहे. खरं सांगा, आता किती टक्के?

गावचे दोघं आले आहेत. म्हणतात, हाल कायले करता, घरी नेऊ. सहीचा कागद इथंही असते. टेबलावर ठेवला आहे, मी पाह्यला.

घनश्याम


यवतमाळ
२६ डिसेंबर २००५

घनश्यामभाऊ,

बेबीताई नांदेडला आहेत हे वाचलं आणि आधी वॉर्डात जाऊन सिस्टरना सांगितलं.

तुम्ही विचारलंत म्हणून वही उघडते. तेहेतीस जणांपैकी चोवीस जण शेवटपर्यंत आमच्याकडे राहिले. त्यांतले तेरा गेले. अकरा स्वतःच्या पायांनी घरी गेले. बाकीचे नऊ सही देऊन नेलेले. त्यांतल्या सहा घरांची उत्तरं आजवर आली, बेबीताई सोडून पाचही जण गेले. मोठ्या डॉक्टरांनी तुम्हाला जे सांगितलं ते हेच होतं. ते खोटं नव्हतं, पण ते शंभर माणसांबद्दल होतं. दोन खाटांतला एक वाचणार आणि एक जाणार, असा त्याचा अर्थ होत नाही. कधी दोघंही वाचतात. कधी दोघंही जातात. एकट्या बेबीताईंचं काय होईल ते माझ्या वहीला माहीत नाही.

तुम्हाला काहीतरी हातात धरायला हवं आहे, हे समजतं मला. रोज सकाळी सिस्टरना विचारा, चोवीस तासांत लघवी किती झाली. थेंब-थेंब का होईना, ती वाढायला लागली तर धीर धरा. आणि गावच्या दोघांना सांगा की यवतमाळच्या डॉक्टरणीनं लिहिलंय, सही करू नका. मला सांगता येईल असं पक्कं एवढं एकच आहे.

सुमेधा


ढाणकी
२९ जानेवारी २००६

डॉक्टरताई,

मी बेबी. अक्षर वाकडंतिकडं आहे, हात अजून कापते. सातवीलोक शिकली आहे मी, त्याच्यातलं आठवून आठवून लिहून राह्यली.

तेवीस दिवस आयसीयूत होती, मंग बारा दिवस साध्या वार्डात. त्या तेवीसातले मले शेवटचे सातच आठवतात. पायाची दोन बोटं गेली, बाकी मी सारी आहे. तुमचं पत्र पोचल्यावर खुशीचे बाबा रोज सकाळी सिस्टरच्या मांगं लागत, लघवी किती झाली म्हणून. सारा वार्ड हासे म्हणते. ज्या दिवशी अर्धा ग्लास झाली, त्या दिवशी यायनं गावच्या दोघांले बसमध्ये बसवून देलं.

तुमची सारी पत्रं यायनं पिशवीत जपून ठेवली. मी एका बैठकीत वाचून काढली. तुम्ही अन् हे, दोघं माह्याबद्दल इतकं बोलले, पण मले कोणी विचारलंच नाही. म्हणून तुमाले एक सांगते.

‘घरी ने’ असं मी म्हटलतं, ते खरं आहे. पण मराले नाही म्हटलतं. तिथं मशीन टीं टीं करे, लाईट बंद होत नव्हते, पाच दिवस डोळ्याले डोळा लागला नव्हता. एक झोप घ्याले घरी ने, असं माह्या मनात होतं. अर्धंच तोंडातून निंघालं. यायनं त्याचं कायच्या काय समजलं.

हे मी यायले सांगतलं नाही. अगोदरच स्वतःले कोसत असतात, त्यात आणखी कायले? तुम्हीही लिहू नका. हे पत्र खुशीच्या हातून पेटीत टाकते.

अन् धावजीभाऊचं काय झालं? यायले वाटते तो वाचला.

तुमची,
बेबी


यवतमाळ
५ फेब्रुवारी २००६

प्रिय बेबीताई,

तुमचं पत्र डबा खाताना उघडलं. डबा तसाच राहिला.

तुम्ही सांगितलंत ते माझ्याजवळच राहील. पण ते वाचल्यापासून मी संध्याकाळी वॉर्डातले अर्धे दिवे बंद करायला लावते. रुग्ण काय म्हणतोय ते पुरतं ऐकून घ्यायची सवय आम्हालाही नाही.

धावजी आडे यांचं मला माहीत नाही. बाकी आठ घरांचं कळलं. हयात तुम्ही एकट्याच, सात जण गेले. धावजींच्या पत्त्यावर मी दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. पत्ता ढाणकीजवळच्या तांड्याचा आहे. पण तुम्ही जाऊ नका, आधी पाय भरू द्या.

तुमची,
सुमेधा


ढाणकी
१९ फेब्रुवारी २००६

डॉक्टरताई,

नका जाऊ म्हटलं तरी मी गेली. यायनं बंडी जुंपली अन् नेलं.

धावजी नाही राह्यला. घरी आणला त्याच्या दुसऱ्याच दिवशी गेला. हे दारातच बसले, किती वेळ उठले नाही.

त्याच्या बायकोचं नाव तानाबाई. माह्याच वयाची असन. तिची बोली गोरमाटी, माही वऱ्हाडी, पण बायाबायाले समजते. तुमची दोन्ही पत्रं कोनाड्यात होती, फोडलीच नव्हती. मी म्हटलं, काहून वं? कोणाकडून वाचून नाही घेतली? म्हणे, त्यात काय आहे ते मले माहीत आहे. मी म्हटलं, काय आहे? म्हणे, पाणी.

मंग हळूहळू बोलली. धावजीले पऱ्हाटीवर फवारताना औषध चढलं होतं. त्यातून तो वाचला, नळी काढली, हिले वाटलं आता घरी जाऊ. त्याले लय तहान. सिस्टरनं सांगून ठेवलतं, थेंबभरही द्यायचं नाही. तो हातानं मांगे. हिच्यानं पाहवलं नाही. पदराचं टोक भिजवलं अन् ओठात पिळलं. एक डॉक्टर तिच्यावर ओरडली. अन् दुसऱ्या दिवसापासून त्याले जो दम लागला तो लागलाच. कोणीतरी म्हटलं, फुप्फुसात गेलं. तवापासून ही समजून बसली आहे की नवऱ्याले मीच मारलं. कोणाजवळ बोलली नाही. सासरच्याइजवळ नाही, भावाजवळ नाही. आम्ही होतो तोवर तिनं स्वतः पाण्याचा घोट घेतला नाही.

डॉक्टरताई, त्या पाण्यानं गेला का धावजी? काय असन ते लिहा. मन राखाले लिहू नका, तिले खोटं समजते.

बेबी


यवतमाळ
२३ फेब्रुवारी २००६

प्रिय बेबीताई,

धावजींचे सगळे कागद काढले आणि आज पुन्हा पहिल्यापासून वाचले.

५ नोव्हेंबरला सकाळी त्यांना ताप आला. त्याच दुपारी छातीचा फोटो काढला, त्यात उजव्या बाजूला न्यूमोनिया दिसतो आहे. श्वासाच्या नळीवर असलेल्या रुग्णांना तो होतो, आमच्याकडे बऱ्याच जणांना झाला. ६ तारखेला नळी काढली, पण रक्तदाब आधीच खाली यायला लागला होता. पाणी दिल्याची नोंद ७ तारखेची आहे, दुपारी चारची. तेव्हा ठसका लागला, श्वास वाढला, असं काहीही लिहिलेलं नाही. आजार दोन दिवस आधीच फुप्फुसात होता आणि तिथून अंगभर पसरला. तानाबाईंच्या पदरातल्या पाण्यानं धावजी गेले नाहीत. मन राखायला लिहीत नाही. फोटोच्या रिपोर्टची नक्कल जोडली आहे, तारीख बघा.

आता दुसरं. त्या नोंदीत पुढे लिहिलंय, ‘नातेवाइकास कडक समज दिली.’ खाली सही माझी आहे. ओरडणारी डॉक्टर मीच होते. काय बोलले ते मला आठवत नाही. त्या आठवड्यात खाटा भरलेल्या होत्या आणि मी अशी कितीजणांना बोलले असेन. पाणी देऊ नका हे सांगणं बरोबर होतं. पण दुसऱ्या दिवशी धावजींची तब्येत बिघडली, तेव्हा त्या बाईजवळ दोन मिनिटं थांबून ‘हे तुमच्यामुळे नाही’ असं सांगणंही माझंच काम होतं. मी ते केलं नाही.

नऊ घरी पत्रं पाठवली आणि प्रत्येक घराला एकच विचारलं, माणूस आहे की गेला.

सुमेधा


ढाणकी
५ मार्च २००६

डॉक्टरताई,

काल परत गेलतो तांड्यावर. तुमचं पत्र वाचून दाखवलं. समज देली तिथलोक वाचलं, त्याच्या खालचं वाचलं नाही.

तानाबाईनं रिपोर्टचा कागद मांगितला. तिले वाचता येत नाही, म्हणून मी तारखांवर बोट ठेवलं. ही पाच, या दिवशी फुप्फुस खराब झालं. ही सात, या दिवशी तू पाणी देलं. ती बोटावर मोजत राह्यली, पाच, सहा, सात. पुन्हा पयल्यापासून मोजलं. तिसऱ्या बारीले मोजता मोजता जी रडाले लागली ते सासू धावत बाहेर आली. चार महिन्याचं एकदम निंघालं. मीही रडली. हे उठून बैलापाशी गेले.

मंग तोंड धुतलं तिनं. म्हणे, पाणी पेऊन तो हासला होता. म्हणे, तोंडात जीभ फिरवली अन् माह्याकडे पाहून हासला. हे तिनं आजलोक कोणाले सांगतलं नव्हतं. कशी सांगन? सासूले तिनं तिच्या बोलीत पुन्हा सांगतलं, अन् दोघी त्याच्याबद्दल बोलत बसल्या. आम्ही तिथंच जेवलो.

निंघताना तिनं मले विचारलं, ती ओरडणारी डॉक्टर कोण होती? मी म्हटलं, विचारून सांगते. मी सांगू शकते, पण ते मी सांगाचं काम नाही. पत्रातही लिहू नका. तिचं पत्र दुसऱ्यालेच वाचा लागते.

तुम्हीच या. होळीच्या आंधी या, मंग ती कामाले दुसऱ्या गावी जाणार आहे. यवतमाळहून पहाटे निंघणारी बस इथं साडेदहाले येते. तांडा रस्त्यापासून आत आहे, तुमाले सापडणार नाही. मी स्टँडवर घ्याले येते. आता मले चालता येते.

तुमची,
बेबी